चित्र हलतं ते पट्टी थांबते म्हणून

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळचा विषय: सिनेमाचे पहिले प्रयोग

प्रश्न: स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात जगातला पहिला चित्रपट १८९५ चा, ल्युमिएर बंधूंचा असं दिलं आहे. मुलगी मोबाइलवर १८८८ चा दोन सेकंदांचा एक तुकडा दाखवते आणि हाच पहिला म्हणते. खरं कोणाचं? (एक वाचक, सांगली)

उत्तर: मुलीचंही खरं आणि पुस्तकाचंही. ‘पहिला’ म्हणजे पहिल्यांदा काय झालं, हे दोघं वेगळं धरतात.

मुलगी दाखवते तो तुकडा इंग्लंडमधल्या लीड्सजवळच्या राउंडहे इथला. लुई ल प्रिन्स हा फ्रेंच माणूस तिथे राहत होता. १४ ऑक्टोबर १८८८ ला त्याने सासऱ्यांच्या बागेत आपला एका भिंगाचा कॅमेरा लावला आणि घरच्या चौघांना चालायला, गिरक्या घ्यायला सांगितलं. सासरे जोसेफ व्हिटली वळतात तेव्हा त्यांच्या लांब कोटाचे मागचे पदर हवेत उडतात. मोबाइलवर तुकडा थांबवत थांबवत बघा, नीट दिसतं. सासूबाई सारा व्हिटली त्यानंतर दहाच दिवसांत, २४ ऑक्टोबरला वारल्या. त्या चित्रात आहेत, म्हणजे चित्रण त्याच्या आधीचं हे पक्कं. तारखेसाठी इतका भक्कम आधार त्या काळातल्या फार थोड्या प्रयोगांना आहे.

पण पट्टी होती कागदाची. त्या वेळी ईस्टमन या अमेरिकी कंपनीचं छायाचित्रणाचं रीळ कागदावरच येत असे. कागदातून प्रकाश धड पार जात नाही, त्यामुळे तीच पट्टी पडद्यावर दाखवायची सोय नव्हती. शिवाय तिच्या कडेला भोकं नव्हती. प्रत्येक चित्रासाठी पट्टी नेमकी तितकीच सरकेल याची खात्री नव्हती, म्हणून चित्र हिंदकळतं. आज आपल्याकडे आहेत त्या २० फ्रेम. सेकंदाला १२ धरल्या तर पावणेदोन सेकंदही भरत नाहीत. ल प्रिन्स १६ सप्टेंबर १८९० ला दिजाँहून पॅरिसच्या गाडीत बसला आणि पुन्हा कोणालाही दिसला नाही. लोकांपुढे त्याचा खेळ कधी झालाच नाही.

तेव्हा एका भिंगातून, एका पट्टीवर, खऱ्या हालचालीचं चित्रण म्हणाल तर १८८८. तिकीट काढून आलेल्या लोकांना पडद्यावर दाखवणं म्हणाल तर १८९५. त्या वर्षातही पॅरिस एकटं नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये लॅथम कुटुंबाने मे महिन्यात खेळ केला, बर्लिनच्या विंटरगार्टनमध्ये स्क्लादानोव्स्की बंधूंनी १ नोव्हेंबरला. ल्युमिएर यांचा पॅरिसच्या ग्रां कॅफेतला खेळ २८ डिसेंबरचा: तिकीट एक फ्रँक, तिकीट काढून आलेले ३३ जण, दहा चित्रं. परीक्षेत ल्युमिएर लिहा, कारण त्यांचं यंत्र चाललं, विकलं गेलं आणि जगभर फिरलं. मुलीला मात्र चूक म्हणू नका.

प्रश्न: मायब्रिजने घोडा पळतानाचे फोटो १८७८ मध्येच काढले होते. मग तो पहिला का नाही? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: कारण त्याच्याकडे एक कॅमेरा नव्हता, बारा होते. लेलँड स्टॅनफर्डच्या कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या घोड्यांच्या ट्रॅकवर, जून १८७८ मध्ये, २७ इंचांच्या अंतराने ओळीत कॅमेरे मांडलेले आणि प्रत्येकासमोर ट्रॅकवर आडवा दोरा. घोडीचा पाय दोऱ्याला लागला की त्या कॅमेऱ्याचं शटर पडायचं. दोन फोटोंमध्ये साधारण १/२५ सेकंद. म्हणजे घोडी सेकंदाला १७ मीटर, ताशी ६० किलोमीटरच्या घरात धावत होती. चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात हे सिद्ध झालं. आणि ते सुटतात पाय पोटाखाली गोळा झालेले असताना; चित्रकार दाखवायचे तसे पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे.

या पद्धतीत दोन अडचणी होत्या. घोडीने वेग वाढवला की दोन फोटोंमधला वेळ कमी व्हायचा, कारण घड्याळाचं काम घोडीच करत होती. आणि प्रत्येक फोटो वेगळ्या जागेवरून घेतलेला, त्यामुळे एकामागे एक दाखवले की घोडी जागच्या जागी पाय मारते आणि मागची भिंत सरकते. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे याने १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. चाप ओढला की आतली काच टप्प्याटप्प्याने फिरायची आणि एकाच नळीतून सेकंदाला १२ फोटो उठायचे, प्रत्येक १/७२० सेकंदाचा. दोन फोटोंमधला वेळ आता यंत्र ठरवू लागलं. सिनेमाच्या दृष्टीने आम्हाला हे पाऊल मायब्रिजच्या पावलापेक्षा मोठं वाटतं.

प्रश्न: एडिसनकडे फिल्म होती, वीज होती, पैसाही होता. तरी पडद्यावरचा सिनेमा ल्युमिएर यांनी कसा काढला? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: या सगळ्या इतिहासाची किल्ली या प्रश्नात आहे, म्हणून जरा सविस्तर.

एडिसनच्या वेस्ट ऑरेंजच्या प्रयोगशाळेत हे काम मुख्यतः डब्ल्यू. के. एल. डिक्सन याने केलं. सुरुवातीला त्यांनी एडिसनच्या फोनोग्राफसारख्या (आवाज नोंदवणाऱ्या यंत्रासारख्या) नळकांड्यावर बारीक चित्रं गोल गोल बसवून पाहिली. नळकांडं गोल, त्यामुळे चित्राच्या कडा धूसर यायच्या. तो नाद सोडावा लागला. ईस्टमनची पारदर्शक सेल्युलॉइड फिल्म १८८९ मध्ये मिळू लागल्यावर वाट सापडली. ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म मधोमध चिरून ३५ मिलिमीटरची केली आणि प्रत्येक फ्रेमला दोन्ही कडांना चार-चार भोकं पाडली. ही मापं पुढे सव्वाशे वर्षं टिकली.

दाखवायचं यंत्र म्हणजे कायनेटोस्कोप. १४ एप्रिल १८९४ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर अशी दहा यंत्रं मांडून दुकान उघडलं. लाकडी कपाटावर वाकून एकाच माणसाने झरोक्यातून बघायचं. आत सुमारे ५० फूट फिल्मची माळ न थांबता पळत राहायची. ती थांबत नसल्यामुळे प्रत्येक फ्रेम फक्त क्षणभर, फिरत्या चकतीतल्या अरुंद फटीतून दिसली पाहिजे. फट रुंद केली की चित्र फरफटतं. फट अरुंद, म्हणजे दिव्याचा बहुतेक प्रकाश वाया. एका डोळ्याला तेवढा पुरतो, पण दहा-बारा फुटांवरच्या पडद्यावर पोहोचेपर्यंत काही उरत नाही. एडिसनचं गाडं अडलं ते इथे.

ल्युमिएर यांनी १३ फेब्रुवारी १८९५ ला पेटंट घेतलं त्या यंत्रात फिल्म थांबते. शिवणयंत्रात कापड सुईखाली थांबतं आणि सुई वर गेली की दाते त्याला पुढे ढकलतात, तीच कल्पना. हँडल फिरवलं की गोलसर त्रिकोणी आकाराचा एक तुकडा फिरतो आणि एक चौकट वर-खाली करतो. त्या चौकटीला दोन आकडे. ते फिल्मच्या भोकांत शिरतात, फिल्म एक फ्रेम खाली ओढतात, बाहेर येतात आणि रिकामे वर जातात. वेळेची वाटणी अशी: एक तृतीयांश वेळ फिल्म सरकते, दोन तृतीयांश वेळ स्थिर. सरकत असताना शटरची पाकळी प्रकाश अडवते.

सेकंदाला १६ फ्रेमचा हिशेब केला तर एका फ्रेमच्या वाट्याला ६२ मिलिसेकंद येतात. त्यांतल्या जेमतेम २१ मध्ये फिल्म सुमारे दोन सेंटिमीटर सरकून पुन्हा पूर्ण थांबली पाहिजे. उरलेल्या ४१ मध्ये चित्र पडद्यावर निश्चल असतं आणि दिवा पूर्ण कामी येतो. हँडलच्या एका फेऱ्यात ८ फ्रेम, म्हणून सेकंदाला दोन फेरे.

बिघाड व्हायचे तेही याच जागी. आकडा भोकात नीट बसला नाही की भोक फाटायचं आणि चित्र उडी मारायचं. शटर किंचित मागे-पुढे बसलं असेल तर पांढऱ्या अक्षरांना, दिव्यांना वर-खाली शेपट्या फुटतात, कारण फिल्म हलत असतानाच प्रकाश पोहोचतो. फिल्म लांब असेल तर मोठं रीळ दर सेकंदाला सोळा वेळा हिसके खाऊन तुटायचं. ल्युमिएर यांची फिल्म १७ मीटरचीच, म्हणून त्यांना हा त्रास जाणवला नाही. लांब फिल्मसाठी आकड्यांच्या वर आणि खाली फिल्मचा एक सैल फास सोडण्याची युक्ती आली. हिसका फास खातो, रिळाला कळतही नाही. हा फास आजही लॅथम यांच्या नावाने ओळखला जातो.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती. एडिसनचा कॅमेरा विजेवर चालणारा आणि इतका अवजड, की माणसांनाच त्याच्यापुढे आणावं लागे. त्यासाठी अंगणात काळ्या डांबरी कागदाने मढवलेली खोली बांधली होती. तिचं छप्पर उघडायचं, आणि ऊन सरकलं की अख्खी खोली गोल रुळावर फिरवायची. ल्युमिएर यांची पेटी एका माणसाला उचलता येई. तीच चित्रण करायची, तीच प्रती छापायची, आणि मागे दिवा लावला की तीच दाखवायची. दिव्यासमोर भिंग म्हणून पाण्याने भरलेला काचेचा गोळा असे. तो प्रकाश गोळा करायचा, उष्णता पाणी शोषायचं. गोळा फुटलाच तर प्रकाश विखुरला जाई आणि पेटाऊ नायट्रेट फिल्म वाचे. इतका साधा आणि इतका सुरक्षित उपाय क्वचितच बघायला मिळतो.

प्रश्न: आठवीच्या मुलांकडून विज्ञान प्रदर्शनासाठी सिनेमाच्या आधीचं एखादं खेळणं करून घ्यायचं आहे. खर्च कमी हवा. (एक शिक्षिका, गडहिंग्लज)

उत्तर: फटींची चकती करा. बेल्जियमचा जोझेफ प्लातो आणि व्हिएन्नाचा सिमोन श्टाम्फर या दोघांनी १८३२-३३ च्या सुमारास ती स्वतंत्रपणे काढली. पुठ्ठा, टाचणी आणि आरसा एवढ्यावर भागतं.

जाड पुठ्ठ्याची २४ सेंटिमीटर व्यासाची चकती कापा. कोनमापकाने ३०-३० अंशांवर खुणा करून १२ भाग पाडा. प्रत्येक खुणेवर कडेपासून आत २५ मिलिमीटर लांब आणि ३ मिलिमीटर रुंद फट कापा. हे काम कटरचं, म्हणून ते मोठ्यांनी करावं. एका बाजूला पांढरा कागद चिकटवा, दुसरी बाजू काळी रंगवा. काळी बाजू डोळ्याकडे असते. ती पांढरी राहिली तर तिच्यावरचा उजेड डोळ्यांवर येतो आणि फटीतलं चित्र फिकं पडतं. पांढऱ्या बाजूला फटींच्या आतल्या अंगाला १२ चित्रं काढा. उडी मारणारा बेडूक किंवा उघडझाप करणारी छत्री चालेल. बारावं चित्र पहिल्याला जुळलं पाहिजे, नाहीतर दर फेऱ्याला झटका दिसतो. पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरात टाचणी खुपसून चकती बसवा, मध्ये एक मणी घाला म्हणजे ती घासणार नाही.

चित्रांची बाजू आरशाकडे धरून उभं राहा. उजेड चित्रांवर पडला पाहिजे. चकती सेकंदाला एक फेरा या वेगाने फिरवा आणि वरच्या फटींमधून एका डोळ्याने आरशात बघा. सेकंदाला १२ चित्रं होतात, बेडूक उडी मारतो.

हमखास होणाऱ्या चुका सांगतो. सगळं धूसर दिसलं तर फटी रुंद झाल्या आहेत. मागून काळी पट्टी चिकटवून त्या ३ मिलिमीटरवर आणा. अंधूक दिसलं तर फटी बारीक आहेत किंवा उजेड कमी आहे. व्हरांड्यात उन्हाकडे तोंड करून बघा. बेडूक उलटा, पाण्यातून काठावर उडी मारत असेल तर चकती उलट दिशेने फिरवा, पुन्हा काढायची गरज नाही. चित्र डुगडुगत असेल तर मधलं भोक मध्यावर नाही.

मुलांना दोन गोष्टी मुद्दाम करून दाखवा. पहिली म्हणजे फटीतून न बघता चकतीच्या कडेवरून थेट आरशात बघायला सांगा. तीच चकती, तीच चित्रं, पण दिसतो नुसता करडा पट्टा. ‘डोळ्यात चित्र रेंगाळतं म्हणून सिनेमा हलताना दिसतो’ हे वाक्य अजून अनेक पुस्तकांत आहे. नुसतं रेंगाळणंच कारणीभूत असतं तर चित्रं एकमेकांत मिसळून हा करडा पट्टाच दिसला असता. फट प्रत्येक चित्र वेगळं, क्षणभर थांबल्यासारखं दाखवते. दोन वेगळ्या चित्रांमधली हालचाल मेंदू जुळवतो. यावर मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थहाइमरने १९१२ मध्ये प्रयोग करून लिहिलं.

दुसरी गोष्ट: फटी १२ च ठेवून चित्रं १३ काढा. सगळे बेडूक चकतीच्या फिरण्याच्या दिशेने हळूहळू पुढे सरकताना दिसतील. ११ काढली तर उलट दिशेने. कारण मुलांनाच शोधू द्या. ३६० ला १३ आणि ११ ने भागलं की सापडतं.

प्रश्न: पहिल्या खेळात पडद्यावर रेल्वे आलेली बघून लोक घाबरून पळाले, हे खरं का? (एक वाचक, पणजी)

उत्तर: २८ डिसेंबर १८९५ च्या दहा चित्रांत रेल्वे नव्हतीच. ते चित्र नंतर दाखवलं गेलं. लोक खुर्च्या सोडून पळाल्याचा त्या वेळचा भरवशाचा दाखला नाही. मुंबईत मात्र पहिल्याच खेळात, ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलमध्ये, गाडी येण्याचं चित्र सहांपैकी एक होतं. तिकीट एक रुपया. भिंत पाडण्याचं चित्रही त्या सहांत होतं. ते चित्र उलट फिरवून पडलेली भिंत धुळीतून पुन्हा उभी करण्याची करामत ल्युमिएर यांचे लोक करत असत. आमच्या मते गाडीपेक्षा ही भिंत जास्त नवलाची, कारण गाडी लोकांनी स्टेशनवर पाहिलेली होती.

प्रश्न: जुन्या चित्रांत माणसं तुरुतुरु का चालतात? (एक वाचक, पुणे)

उत्तर: वेग चुकीचा लावलेला असतो. ल्युमिएर यांच्या एका चित्रात सुमारे ८०० फ्रेम. सेकंदाला १६ ने ती ५० सेकंद चालते, २४ ने चालवली तर ३३ सेकंदांत संपते. इंटरनेटवर ३३-३५ सेकंदांची प्रत दिसली तर प्लेअरमध्ये वेग कमी करून बघा, चाल लगेच माणसासारखी होते. एडिसनच्या फिल्मचं उलट. ती सेकंदाला ४० च्या आसपास घेतलेली असे, त्यामुळे तितक्याच लांबीची फिल्म वीस सेकंदांत संपे. ती २४ ने लावली की माणसं पाण्यात चालल्यासारखी वाटतात. रंगीत आणि गुळगुळीत केलेल्या प्रती सध्या खूप फिरतात. त्यांत संगणकाने मधल्या फ्रेम स्वतः रचलेल्या असतात. अभ्यासासाठी त्या वापरू नका. कोटाचा पदर मूळ चित्रात कुठे होता हे त्यांतून कळत नाही.

प्रश्न: दादासाहेब फाळक्यांनी आधी वाटाण्याचं रोप उगवताना चित्रित केलं होतं असं वाचलं. ते कसं केलं असेल? मोबाइलवर जमेल का? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले, आणि त्याबरोबर भोकं पाडायचं यंत्रही. तेव्हा कच्ची फिल्म बिनभोकांची मिळत असे. अंधाऱ्या खोलीत ती स्वतः भोसकावी लागे. भोकांमधलं अंतर जरा इकडेतिकडे झालं की पडद्यावर चित्र नाचणार, म्हणून हे काम घाईचं नव्हतं. कॅमेरा हाती आल्यावर कुंडीत वाटाणा लावून, एका वेळी एकच फ्रेम घेत, त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हे छोटं चित्र केलं. ‘राजा हरिश्चंद्र’ (३ मे १९१३, मुंबईचं कोरोनेशन) त्यानंतरचं. फिल्म थांबते हेच तत्त्व इथेही, फक्त दोन फ्रेमच्या मध्ये सेकंदाच्या सोळाव्या भागाऐवजी तासच्या तास जाऊ द्यायचे.

मोबाइलवर नक्की जमेल. वाटाण्याऐवजी मूग घ्या, चार दिवसांत काम होतं. रात्रभर भिजवलेले मूग पारदर्शक डब्याच्या कडेला, ओल्या कापसात बसवा. दर १० मिनिटांना एक फोटो घेणारं ॲप लावा. चार दिवस म्हणजे ९६ तास, ५७६ फोटो. सेकंदाला १६ ने ३६ सेकंदांचं चित्र होईल. फोन चार्जरला जोडून स्टँडला चिकटपट्टीने पक्का बांधा.

खिडकी बंद करा आणि एकच दिवा चार दिवस चालू ठेवा, नाहीतर दिवस-रात्रीने चित्र लुकलुकेल. ॲपमधला उजेड आणि फोकस हाताने ठरवून कुलूप लावा. आपोआप ठेवलं तर प्रत्येक फोटो वेगळ्या उजेडाचा येतो. दिवा बाजूला नको, डब्याच्या वर हवा, कारण अंकुर उजेडाकडे झुकतो आणि दुसऱ्या दिवशी फ्रेमच्या बाहेर जातो. पाणी घालताना डबा हलवू नका. सुती वातीचं एक टोक कापसात आणि दुसरं शेजारच्या वाटीतल्या पाण्यात ठेवा, ओल आपोआप टिकते. हात लावावाच लागला तर आधी डब्याच्या चारही कोपऱ्यांखाली टेबलावर खडूने खुणा करून ठेवा.